वरून दिसते ते आणि खालून कळते ते

१९९६ सालच्या जुलै महिन्यात अमेरिकेतल्या एका कंपनीने आपल्या नव्या मुख्य अधिकाऱ्याचे नाव जाहीर केले. कंपनी होती सनबीम. मिक्सर, टोस्टर, विजेवर चालणारी ब्लँकेट, अंगणात मांस भाजण्याच्या गॅसच्या शेगड्या अशा घरगुती वस्तू बनवणारी जुनी, नावाजलेली कंपनी. बातमी बाहेर आली आणि त्या एका दिवसात तिच्या शेअरचा भाव जवळजवळ पन्नास टक्क्यांनी चढला. साडेबारा डॉलरचा शेअर साडेअठराच्या पुढे गेला. त्या दिवशी कंपनीने नेहमीपेक्षा एक टोस्टरही जास्त विकला नव्हता. नव्या साहेबाने अजून कामाला हात घातला नव्हता. भाव चढला होता तो केवळ एका नावावर. ते नाव होते अल्बर्ट डनलॅप.

या गृहस्थाला तिकडे 'चेनसॉ अल' म्हणत. चेनसॉ म्हणजे झाडे तोडायची साखळीची यांत्रिक करवत. जिथे जाईल तिथे तो माणसांची अशी कत्तल करी की हे टोपणनाव त्याला चिकटले. दुसरा एखादा अशा नावाने शरमला असता. डनलॅपला त्याचा अभिमान होता. छातीवर काडतुसांचे पट्टे बांधून, हातात बंदुका घेऊन त्याने स्वतःचा फोटो काढून घेतला होता. सनबीमच्या आधी स्कॉट पेपर या कागद कंपनीत तो १९९४ साली गेला, अकरा हजारांहून अधिक लोकांना घरी पाठवले, १९९५ साली ती कंपनी प्रतिस्पर्ध्याला विकून टाकली आणि सुमारे दहा कोटी डॉलर घेऊन बाहेर पडला. दोन वर्षेसुद्धा पुरी झाली नव्हती. ही त्याची कर्तबगारी. सनबीमच्या संचालकांनी त्याला बोलावले ते याच कर्तबगारीवर.

मी आयुष्याची बरीच वर्षे कारखान्याच्या पर्सोनेल विभागात काढली. नोकरीसाठी आलेल्या माणसांच्या समोर, टेबलाच्या आतल्या बाजूला बसून शेकडो मुलाखती पाहिल्या. त्यामुळे डनलॅपची गोष्ट वाचताना मला त्याच्याइतकेच कुतूहल वाटत आले ते त्याला निवडणाऱ्यांचे. ज्याच्या मनात दयामाया नाही, लाज नाही, पश्चात्ताप नाही असा माणूस जगात असणे हे नवल नाही. नवल हे की त्याला बोलावून, पायघड्या घालून, सर्वांत वरच्या खुर्चीवर बसवणारी माणसे चांगली शिकलेली, अनुभवी आणि बहुधा सज्जनही असतात. असे का व्हावे?

अठरा कारखान्यांना टाळे

आधी सनबीमचे पुढे काय झाले ते पाहू. आल्यावर चार महिन्यांत डनलॅपने आपली योजना मांडली. बारा हजार नोकरांपैकी निम्मे कमी करायचे. सव्वीस कारखान्यांपैकी अठरा बंद करायचे किंवा विकायचे. मिसिसिपी राज्यात शुबुटा नावाचे एक लहानसे गाव आहे. तिथे सनबीमचा टोस्टरचा कारखाना होता आणि गावाचे पोट त्याच्यावर चालत होते. कारखाना बंद झाला आणि गावाला अवकळा आली. बंद गिरणीच्या भोंग्याविना सकाळ उजाडणे म्हणजे काय, हे लालबाग-परळच्या किंवा सोलापूरच्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

शेअर बाजार मात्र खूष होता. १९९८ च्या मार्चमध्ये सनबीमचा शेअर त्रेपन्न डॉलरच्या घरात पोचला. मग हळूहळू एकेक गोष्ट बाहेर येऊ लागली. उन्हाळ्यात लागणाऱ्या शेगड्या ऐन थंडीत, मोठ्या सवलती देऊन दुकानदारांच्या नावावर टाकल्या होत्या. माल भाड्याच्या गोदामात पडून आणि वहीत मात्र विक्री जमा. आपल्याकडे भर पावसाळ्यात कूलर खपल्याची बिले फाडावीत, तसा हा प्रकार. १९९७ सालचा नफा सुमारे दहा कोटी नव्वद लाख डॉलर जाहीर झाला होता. हिशेब दुरुस्त केल्यावर तो तीन कोटी ऐंशी लाखांवर आला. १९९८ च्या जूनमध्ये ज्या संचालकांनी डनलॅपला आणले होते त्यांनीच त्याला काढले. फेब्रुवारी २००१ मध्ये सनबीमने दिवाळखोरीचा अर्ज केला.

अमेरिकेच्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने, म्हणजे तिकडच्या 'सेबी'ने, डनलॅपवर खटला भरला. २००२ साली त्याने तडजोड केली. गुन्हा कबूल केला नाही आणि नाकारलाही नाही. पाच लाख डॉलर दंड भरला आणि कुठल्याही सार्वजनिक कंपनीत पुन्हा अधिकारी किंवा संचालक होणार नाही, ही अट मान्य केली. भागधारकांच्या दाव्यात आणखी दीड कोटी डॉलर भरले. तरी खिशात पुष्कळ उरले. फ्लोरिडातल्या आलिशान घरात तो सुखाने राहिला आणि जानेवारी २०१९ मध्ये वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी वारला. फ्लोरिडाच्या सरकारी विद्यापीठाला त्याने मोठी देणगी दिली. तिथल्या विद्यार्थ्यांना नोकरीधंद्याचे मार्गदर्शन करणारी इमारत आज त्याच्या नावाने उभी आहे. तिचे नाव 'डनलॅप सक्सेस सेंटर'.

मुखवट्यामागचे शहाणपण

जॉन रॉन्सन या ब्रिटिश पत्रकाराने डनलॅपला त्याच्या घरी जाऊन गाठले आणि एक विलक्षण गोष्ट केली. सायकोपॅथ ओळखण्यासाठी मानसशास्त्रज्ञ वापरतात त्या यादीतला एकेक गुण त्याने डनलॅपसमोर ठेवला. २०११ च्या आपल्या पुस्तकात त्याने ही भेट सांगितली आहे. डनलॅपने काही गुण साफ नाकारले. बाकीच्यांना मात्र त्याने चांगली नावे दिली. स्वतःविषयी अवास्तव कल्पना? माणसाचा स्वतःवर विश्वास नको का? दुसऱ्यांना वापरून घेणे? ते तर नेतृत्व. घाईने निर्णय घेणे? ती झटपट पारख. म्हणजे जी यादी तुरुंगातल्या माणसाला लावली तर रोगाचे निदान होते, तीच मॅनेजमेंटच्या भाषेत मांडली की गुणवत्तेचे प्रमाणपत्र होते!

इथे दोन गोष्टी स्पष्ट करायला हव्यात. पहिली अशी, की डनलॅप सायकोपॅथ होता असे निदान कुणाही डॉक्टरने अधिकृतपणे केलेले नाही आणि ते करण्याचा मला अधिकार नाही. त्याचा दुसरा विवाह शेवटपर्यंत टिकला. माणूस एका रकान्यात कधीच मावत नाही. आपल्याला त्याच्या मनात शिरायचे नाही. त्याच्यासाठी दारे कशी उघडत गेली एवढेच पाहायचे आहे.

दुसरी गोष्ट शब्दाची. आपल्याकडे 'सायको' म्हटले की डोळ्यांपुढे सुरा घेतलेला, डोळे गरगर फिरवणारा खुनी उभा राहतो. ही सिनेमाची कृपा. हिचकॉकच्या १९६० सालच्या चित्रपटाने ते नाव जगभर केले. पण त्यातला तरुण हा मानसशास्त्राच्या अर्थाने सायकोपॅथ नव्हेच, त्याचे भानच हरपलेले असते. सायकोपॅथचे भान शाबूत असते. त्याला भास होत नाहीत. चांगले काय, वाईट काय हे तो तुमच्याआमच्याइतकेच जाणतो. त्याला फक्त त्याचे काही वाटत नाही. हर्वी क्लेक्ली या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने १९४१ साली या माणसांवर पुस्तक लिहिले, त्याच्या नावाचा अर्थच 'शहाणपणाचा मुखवटा' असा आहे.

पुढे कॅनडातल्या व्हँकुव्हरचे रॉबर्ट हेअर यांनी तुरुंगातल्या कैद्यांचा वर्षानुवर्षे अभ्यास करून वीस गुणांची यादी तयार केली. वरवरचा गोडवा, सराईत खोटेपणा, दुसऱ्याला खेळवणे, पश्चात्तापाचा अभाव, भावनांचा उथळपणा, परदुःख न जाणवणे, केल्याची जबाबदारी न घेणे, ही त्यातली काही. प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन गुण; एकूण चाळीस. तिकडे साधारणपणे तीसच्या वर गेला तो सायकोपॅथ धरतात. म्हणजे हा प्रकार दिव्याच्या बटणासारखा चालू किंवा बंद असा नाही. तो उंचीसारखा आहे, कुणात कमी, कुणात जास्त. सर्वसाधारण लोकांत खूप वरचे गुण मिळवणारे शंभरात एखादा असतील असा अंदाज सांगितला जातो.

बोलण्यात पुढे, कामात मागे

मग कंपन्यांत किती? पॉल बाबियाक, हेअर आणि त्यांच्या सहकाऱ्याने २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. सात कंपन्यांतले, पुढच्या बढतीच्या दृष्टीने प्रशिक्षणासाठी निवडलेले २०३ अधिकारी त्यांनी तपासले. त्यात तीस किंवा अधिक गुण मिळालेले आठ निघाले, म्हणजे सुमारे चार टक्के. नमुना लहान आहे, निवडक आहे. त्यावरून 'दर पंचविसावा साहेब असाच' असे कुणी म्हणू नये. पण त्या अभ्यासातली दुसरी गोष्ट मला आकड्याहून मोलाची वाटते. ज्यांना या यादीत जास्त गुण होते, त्यांची कंपनीतली प्रतिमा कशी होती? उत्तम वक्ता, कल्पक, दूरदृष्टीचा. आणि प्रत्यक्ष काम कसे होते? इतरांबरोबर जमवून घेण्यात कमी, माणसे सांभाळण्यात कमी, एकूण कामगिरीतही कमी. म्हणजे बोलण्यात पुढे, कामात मागे. आणि तरीही बढतीच्या वाटेवर!

२०१९ साली लँडे, हार्म्स आणि क्रेडे या तिघांनी आधीच्या पुष्कळ अभ्यासांतले आकडे एकत्र करून पाहिले. त्यांना आढळले, की असे गुण असलेला माणूस नेता म्हणून पुढे येण्याची शक्यता किंचित जास्त असते आणि नेता म्हणून तो चांगला ठरण्याची शक्यता किंचित कमी. 'किंचित' हा शब्द महत्त्वाचा आहे. वरच्या खुर्च्या राक्षसांनी भरल्या आहेत असे शास्त्र म्हणत नाही. शास्त्र एवढेच म्हणते, की आपली चाळण उलटी धरलेली आहे. जे गाळून बाजूला पडायला हवे ते थोडे वर राहते.

त्याच अभ्यासात आणखी एक चिमटा आहे. वर येण्यातला हा थोडासा फायदा पुरुषांना मिळतो. बाईने तसेच वागले तर उलट तिचे नुकसान होते. आपल्या घरातली भाषा आठवा. पुरुषाने आवाज चढवला तर तो 'खमक्या', बाईने चढवला तर ती 'कजाग'. आपण माणसाचा गुण पाहतच नाही. आपल्या मनात साहेबाचे जे चित्र आहे त्याच्याशी तो जुळतो का, एवढेच पाहतो.

चाळण उलटी का?

इतक्या मुलाखती पाहिल्यावर याची काही कारणे मला दिसतात. पहिले कारण वेळेचे. मोठ्यातल्या मोठ्या पदासाठीची मुलाखत झाली तरी किती चालणार? तास, दोन तास, फार तर दोन-तीन बैठका. एवढ्या वेळात सचोटी दिसत नाही, चिकाटी दिसत नाही, संकटात हा माणूस हाताखालच्यांना पुढे करील की स्वतः पुढे होईल हे कळत नाही. दिसतो तो आत्मविश्वास. प्रामाणिक माणूस प्रश्न आल्यावर क्षणभर थांबतो, 'हे पाहावं लागेल' म्हणतो. ज्याला खोट्याची भीती नाही तो थांबत नाही. ते न थांबणे आपल्याला हुशारी वाटते.

दुसरे कारण दिशेचे. नोकरीत प्रत्येकाची दोन तोंडे असतात, एक वरच्यांकडे आणि एक खालच्यांकडे. बहुतेकांची ती बरीचशी सारखी असतात. या माणसांची मात्र नसतात. वर लोटांगण आणि खाली लाथ, अशी त्यांची विभागणी असते. बाबियाक आणि हेअर यांनी आपल्या पुस्तकात या माणसांभोवतालच्या लोकांची विभागणी सांगितली आहे. वरचे आश्रयदाते, जे त्याच्यावर खूष असतात; आणि हाताशी असलेली प्यादी, ज्यांचा तो वापर करतो. गंमत ही, की बढती ठरवतात आश्रयदाते आणि खरे माहीत असते प्याद्यांना.

आपल्या सरकारी कचेऱ्यांतला 'गोपनीय अहवाल' पिढ्यान्पिढ्या सर्वांनी पाहिला आहे. नाव आता बदलले. दिशा मात्र बहुतेक ठिकाणी तीच आहे. साहेब कारकुनाविषयी लिहितो, साहेबाचा साहेब साहेबाविषयी लिहितो. कारकुनाला कुणी विचारत नाही, की बाबा रे, तुझा साहेब कसा आहे? पाणी जसे वरून खाली वाहते, तसे मत वरून खाली वाहते. माहिती मात्र खाली साठलेली असते.

तिसरे कारण काळाचे. झाड तोडले की लाकूड आज मिळते, सावली गेल्याचे पुढच्या उन्हाळ्यात कळते. निम्मी माणसे काढली की पगाराचा खर्च त्याच तिमाहीत उतरतो आणि नफा वर जातो. अनुभवी फोरमन गेला म्हणून माल बिघडू लागला, संशोधन थांबले म्हणून नवी वस्तू आली नाही, हे उमगायला दोन-तीन वर्षे लागतात. तोवर साहेब बढती घेऊन पुढच्या कंपनीत गेलेला असतो आणि इथला घोळ त्याच्यामागून आलेल्याच्या माथी बसतो. डनलॅप स्कॉट पेपरमध्ये जेमतेम पावणेदोन वर्षे होता. सनबीममध्ये थोडा जास्त थांबला, आणि तिथेच पकडला गेला.

चौथे कारण भीतीचे. कंपनी संकटात असते, संस्था मोडकळीला आलेली असते, घरातले भाऊ भांडत असतात, तेव्हा आपल्याला कुणीतरी खंबीर हवा असतो. 'मी सगळं बघतो' असे जो न अडखळता म्हणेल त्याच्या हातात आपण किल्ल्या देतो. त्याच्या कठोरपणाला आपण निर्णयशक्ती म्हणतो, कारण तो कठोरपणा दुसऱ्या कुणावर तरी चालणार आहे अशी आपली समजूत असते. सनबीमही डनलॅप येण्यापूर्वी अडचणीतच होती.

कोरी सोडलेली वर्षे

पण या सर्वांपेक्षा मोठी गोष्ट डनलॅपच्या बाबतीत घडली ती त्याच्या अर्जाची. जुलै २००१ मध्ये, म्हणजे सगळे उद्ध्वस्त झाल्यावर, 'न्यूयॉर्क टाइम्स'ने एक शोध छापला. डनलॅपच्या माहितीपत्रकात सत्तरच्या दशकातल्या दोन नोकऱ्या गाळलेल्या होत्या. १९७३ साली एका कंपनीने त्याला सात आठवड्यांत काढले होते. त्यानंतर नायगारा फॉल्स या गावच्या नायटेक नावाच्या कागद कंपनीचा तो प्रमुख होता. तिथून १९७६ साली त्याला काढले. मागाहून हिशेब तपासनिसांना आढळले, की जिथे सुमारे पन्नास लाख डॉलर नफा दाखवला होता तिथे प्रत्यक्षात त्याहून मोठा तोटा होता. कंपनीने दावा लावला, डनलॅपने आरोप नाकारले, आणि निकाल लागण्याआधी कंपनीच बुडाली. दावा तिथेच संपला.

वीस वर्षांनी सनबीममध्ये जे झाले, त्याची जणू रंगीत तालीमच ही. आणि हे कुठल्या तिजोरीत लपवलेले नव्हते. कोर्टाच्या दप्तरात कागद होते. नायटेकमध्ये त्याच्या हाताखाली काम केलेली माणसे जिवंत होती. स्कॉट पेपर आणि सनबीम या दोन्ही वेळी मोठे अधिकारी शोधून देणाऱ्या नामांकित संस्था मध्ये होत्या, आणि अशा शोधाची फी भरभक्कम असते. दोन्ही वेळी हे कुणाच्या ध्यानात आले नाही. साध्या कारकुनाच्या अर्जात दोन वर्षांचे भगदाड दिसले तर आम्ही त्याला उभे करून विचारत असू, 'या काळात काय करत होता?' लाखो डॉलरच्या माणसाला तो प्रश्न विचारायला बहुधा संकोच वाटतो. पद जेवढे मोठे तेवढी चौकशी लहान, हा जगभरचा रिवाज दिसतो.

यात आणखी एक साखळी आहे आणि ती आपल्याकडेही तितकीच घट्ट आहे. त्रासदायक माणूस जाऊ लागला की जुनी कंपनी मनातल्या मनात म्हणते, ब्याद टळली. कोर्टकचेरी नको, बदनामी नको म्हणून त्याला चांगले प्रमाणपत्र देऊन, निरोप-समारंभ करून, शाल-श्रीफळ देऊन निरोप देतात. पुढची कंपनी ते प्रमाणपत्र वाचते. अशा रीतीने सज्जन माणसांच्या भिडेवर हा माणूस एकेक पायरी चढत जातो.

ड्रायव्हरला विचारणारे साहेब

आमच्या कारखान्यात पूर्वी एक पर्सोनेल मॅनेजर होते. त्यांची एक सवय होती. मोठ्या जागेसाठी बाहेरगावचा उमेदवार यायचा असला की त्याला स्टेशनवरून आणायला कंपनीची गाडी जाई. मुलाखत संपली, उमेदवार गेला, की साहेब त्या ड्रायव्हरला चहाला बोलावत. "काय मामा, पाहुणे गाडीत कसे होते?" एवढाच प्रश्न. मामा कधी म्हणत, "चांगले होते साहेब, जेवलास का म्हणून विचारलं." कधी म्हणत, "सामान उचलायला लावलं आणि फोनवर कुणाला तरी फार घाण बोलत होते." साहेब ते कागदावर लिहीत नसत, पण निवडीच्या बैठकीत त्यांच्या मताला एक वेगळे वजन असे. तेव्हा आम्हा तरुणांना ही साहेबांची लहर वाटे. आता वाटते, एवढ्या सगळ्या मानसशास्त्रीय चाचण्यांचे सार त्या चहात होते. ज्याच्याकडून आपल्याला काही मिळायचे नाही, त्याच्याशी माणूस कसा वागतो? मुलाखतीच्या खोलीत हे कधीच दिसत नाही, कारण तिथे सगळेच त्याला काही ना काही देऊ शकणारे असतात.

आजकाल काही कंपन्या सर्व बाजूंनी मूल्यमापन करतात, हाताखालच्यांचेही मत घेतात. आपल्या २०१३ च्या कंपनी कायद्याने शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना तक्रारीची अशी यंत्रणा ठेवायला सांगितले आहे, की नोकराला गैरप्रकार सांगता यावा आणि सांगणाऱ्याला संरक्षण मिळावे. हे चांगलेच आहे. पण मत मागवले आणि नाव फुटले, तर पुढच्या वेळी सगळे 'उत्तम' म्हणूनच लिहितात. खालच्याचे ऐकायचे तर आधी त्याची भीती घालवावी लागते.

हा लेख वाचून उद्या सोमवारी कुणी आपल्या साहेबाकडे, जावेकडे किंवा सोसायटीच्या सेक्रेटरीकडे यादी घेऊन पाहू नये, अशी माझी हात जोडून विनंती आहे. कडक माणूस म्हणजे सायकोपॅथ नव्हे. कधी कधी कामगार कपात करावी लागते आणि ती करताना रात्र-रात्र न झोपलेले अधिकारी मी पाहिले आहेत. तुसडा असून जिवाला जीव देणारे साहेबही असतात. निदान तज्ज्ञांनी करायचे. आपल्या हातात आहे ते निवडणे, आणि ते आपण सगळे रोज करत असतो. शाळेच्या संस्थेवर विश्वस्त निवडतो, पतपेढीवर संचालक निवडतो, मुलीसाठी स्थळ पाहतो, मुलाला कुठली नोकरी घ्यावी ते सुचवतो.

आणि घरातही निवडतो. दोन मुलांतला जो खोटे बोलून वेळ मारून नेतो त्याच्याकडे पाहून आपण कौतुकाने म्हणतो, 'हा जगात निभावून नेईल हो!' आणि जो खरे सांगून मार खातो त्याच्याविषयी म्हणतो, 'साधा आहे बिचारा.' साधा हा शब्द आपण कधी शिवीसारखा वापरू लागलो? 'बळी तो कान पिळी' ही म्हण जग कसे आहे ते सांगते. जग तसेच असावे असे ती सांगत नाही. पण मुले म्हणीतला हा फरक शोधत बसत नाहीत. आपण कुणाचे कौतुक करतो, तेवढे ती पाहतात. पुढे तीच मुले संचालक मंडळावर बसतात.

सनबीमच्या संचालकांनी १९९६ साली नायटेकच्या एखाद्या जुन्या कामगाराला फोन केला असता, तर कदाचित सहा हजार घरांची चूल वाचली असती. फोनचा खर्च काही सेंटचा होता. पुढच्या वेळी कुठल्याही जागेसाठी माणूस निवडायची पाळी आली, तर त्याची प्रशस्तिपत्रे जरूर पाहावीत, त्याचे भाषणही ऐकावे. मात्र निर्णय घेण्यापूर्वी त्याच्या आधीच्या ठिकाणच्या एखाद्या टायपिस्टला, शिपायाला, शिकाऊ पोराला शोधून काढावे, त्याच्यासमोर चहा ठेवावा आणि विचारावे, 'काय हो, कसे होते?' आणि तो उत्तर द्यायला थोडा अडखळला, तर त्या अडखळण्याकडे नीट लक्ष द्यावे.